सुतळीची गाठ

तिकोणा पेठ,
सोमवार

प्रिय श्रद्धा,

गेल्या आठवड्यात तू ज्या कळ्यांना जाळीच्या टोप्या चढवल्यास, ते गुलाब आज मुंबईच्या गाडीत गेले. आमचे हे, नसीर, सहसा कुणाला चांगलं म्हणत नाहीत. मलाही वीस वर्षांत दोनदाच म्हणाले असतील. पण काल म्हणाले, "पोरगी लय चिवट हाय."

पहिल्यांदा आलीस ती मात्र ब्लेड घेऊन. फुलांत उभं राहून व्हिडिओ काढायला आमच्या पॉलिहाऊसच्या प्लास्टिकच्या कागदाला आत शिरण्यापुरती चीर दिलीस. त्याच संध्याकाळी पवनेवरून वारा सुटला आणि अख्खी बाजू फाटली. तुला अद्दल घडवायला मी तणतणत वडगावच्या पोलीस ठाण्यात गेले. तिथे साध्या साडीतल्या पोलीसबाई म्हणाल्या, सोळा वर्षांच्या मुलीला कोर्टकचेरीत ओढण्याआधी समोरासमोर बसू, जे घडलं ते प्रत्येकाने खरं सांगायचं. मला ते थोतांड वाटलं. खुर्च्या गोल मांडल्या, तुझी आई रडली आणि तू मान खाली घालून म्हणालीस, सगळं माझ्यामुळे झालं. सहा रविवार माझ्याकडे काम करायचं ठरलं.

पहिल्या रविवारी तोंड पाडून आलीस. दुसऱ्या रविवारी माझ्या डब्यातली भाकरी मागून खाल्लीस. आता तुझी एसटी उशिरा आली तर मीच रस्त्यावर येऊन उभी राहते. काल सहावा रविवार संपला, तरी तू म्हणालीस, "मावशी, मी पुढेही येणार." मला इतका आनंद झाला की रात्री झोप लागेना, आणि झोप न लागायला दुसरंही कारण होतं.

कागद पट्टीत बसवून तो घट्ट धरणारी स्प्रिंग वरून दाबायला शिकवलं, त्या दिवशी कोपऱ्यात तुला सुतळी सापडली. ही इथे कशाला बांधली होती, असं तू विचारलंस. मी म्हटलं, हात चालव. चोराच्या मनात चांदणं.

तिथली स्प्रिंग गंजून महिनाभर आधीच तुटली होती. नवी आणायचा कंटाळा केला आणि मीच सुतळीने गाठ मारून ठेवली. नुसत्या तुझ्या चिरीने एवढी बाजू गेली नसती. त्या बैठकीत मी हे गिळलं आणि सगळा दोष तुझ्या अंगावर राहिला. गुरुवारी पोलीसबाईंपुढे शेवटची बैठक आहे. तिथे तुझ्या आईसमोर हे सांगणार आहे. त्याआधी तुला कळावं म्हणून लिहिलं. रविवारी यायचं की नाही, ते तू ठरव. गुरुवारी मात्र मान वर करून बस. या वेळी खाली घालायची पाळी माझी आहे.

अजून म्हणवून घेशील तर तुझीच,
खुर्शीदामावशी