पाऊस आला, काका खूश झाले

३ मार्च
शाळेतून बोलावणं. तनूच्या मॅडम म्हणाल्या, "तिला वाक्यं कळतच नाहीत. पहिलीची घाई नको, मोठ्या गटातच अजून एक वर्ष ठेवू. आणि एकदा कुणाला तरी दाखवून घ्या." दाखवून घ्या! घरी दिवसभर टकळी चालू असते पोरीची. मॅडमनी चित्रं मांडली. "पाऊस आला, शेतकरीकाका खूश झाले." तनूने रडणाऱ्या काकांवर बोट ठेवलं. परत विचारलं, परत तेच. रिक्षात बसेपर्यंत रडू आवरलं, मग नाही.

४ मार्च
संदीप म्हणतो, मॅडमला काय कळतं माझ्या लेकीचं. त्याचं नेहमीचंच. मी मोबाइलवर नको नको ते वाचत बसले. संध्याकाळी मुद्दाम तनूला म्हटलं, "ताटली डोक्यावर ठेव." तिने ओट्यावर ठेवली. मी परत मोबाइल उघडला.

७ मार्च
कॉलेज रोडला स्पीच थेरपिस्ट ताई. खेळणी घेऊन खालीच बसल्या. "घोड्याने गाईला ढकललं." तनूने बरोबर ढकललं. उलट सांगितलं, तेही बरोबर. मग, "बाळ आईला भरवतं." तनूच्या हातातली आई बाळाला भरवायला लागली. माझा चेहरा पडला. ताई हसल्या. "या वयात बरीच मुलं हेच करतात. असं कधी होत नाही म्हटल्यावर आपलं वाक्यच दुरुस्त करून घेतात." ताटलीचं सांगितलं तर म्हणे, "शहाणी आहे की!"

मग शाळेतल्या पावसाच्या चित्राचं सांगितलं, तर ताईंनी तनूलाच विचारलं, काका का रडत होते. तनू म्हणाली, "पावसाने मण्यांना तडे जातात. मामा रडला होता."

मागच्या वर्षी दादाच्या बागेतली द्राक्षं तोडायला आलेली आणि अवकाळी पाऊस, मणीन् मणी तडकला. तनू तेव्हा निफाडला, माझ्या माहेरीच होती. आणि मी, बागेत वाढलेली, मला हे सुचू नये? सुटले बाई! येताना दोघींनी उसाचा रस प्यायला. मी दोन ग्लास.

८ मार्च
दादाला फोन. आधी हसला. मग म्हणाला, "मॅडमला सांग, पोरगी बरोबर हाय. या दिवसांत पाऊस लय वाईट." सुट्टीत तिला पाठव म्हणाला.

११ मार्च
काल मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, पण पहिलीचं मोठ्या बाईच ठरवणार. आज दुपारी त्या तनूला भेटतील. मी बऱ्यापैकी निवांत. निदान तसं वाटत होतं. सकाळी वेणी घालताना म्हटलं, "मोठ्या बाई काही रागावणार नाहीत हं."

तनूने मान वळवून बघितलं. "का रागावणार आहेत?" आणि म्हणे हिला वाक्यं कळत नाहीत!