वरच्या कप्प्यातल्या पेशी

आबा, तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं होत आली आणि आज चिडून लिहायला बसलोय. मिलमध्ये तुम्ही जॉबर होतात, मागवाल्यांचे मुकादम. शेकडो माग एकदम धडधडत असताना बिघडलेला नेमका कुठला, हे दारातूनच सांगायचात, आणि खात्याचा मास्तरसुद्धा तुमच्या शब्दावर माग थांबवायचा. माझ्या शब्दावर कुणी पंखा थांबवत नाही. मी दहावी नापास. नवी पेठेत फ्रीज दुरुस्त करता करता आता कॉलेजांच्या प्रयोगशाळांतली यंत्रं बघतो. चार माणसं हाताखाली आहेत, पोट सुटलंय, तरी साहेबलोकांना मी पान्हेवालाच.

गेल्या महिन्यात अशाच एका प्रयोगशाळेत गेलो. तिथं पीएचडी करणारी एक मुलगी आहे, मला काका म्हणते. माणसाच्या कॅन्सरच्या पेशी ती छोट्या बश्यांत वाढवते आणि काहींत जस्ताच्या ऑक्साइडची पूड टाकते. इतकी बारीक, की तिच्यापुढं मैदा म्हणजे खडी. पूड टाकलेल्या पेशी मरतात, न टाकलेल्या जगतात. कॅन्सर कुठला म्हणून विचारलं, तर म्हणाली, घशाचा. तुम्हाला झाला होता तोच. आवाज गेल्यावर तुम्ही रोज सकाळी पाटीवर ‘औषध?’ लिहून पेपर माझ्यापुढं सरकवायचात, आणि मी सगळी पानं चाळून नुसती मान हलवायचो.

तेवढ्यात बश्या ठेवायच्या उबदार कपाटाचा आवाज कानावर आला. आतला पंखा अडखळतोय. पंखा दमला की गरम हवा वर साचते. तापमापक खाली, म्हणून दारावरचा आकडा बरोबरच दिसतो. पुडीच्या बश्या कुठं ठेवतेस, विचारलं. कायम वरच्या कप्प्यात. पहिलं यश तिथं आलं म्हणून तोच कप्पा, खंडेनवमीला त्याला कुंकूसुद्धा लावलेलं. मग पेशी पुडीनं मेल्या की उकडून मेल्या, कसं कळायचं? तिच्या सरांना सांगितलं. ते आकड्याकडं बोट दाखवून हसले. “तुम्ही मशीन बघा की. पेशींचं आम्ही बघू.”

गप घरी येणार होतो. पण पोरवयात तुमचा डबा घेऊन मिलमध्ये आलो असताना एकदा मागाचा खडखडाट ऐकूनही मी बोललो नव्हतो, तेव्हा तुम्ही सगळ्या खात्यादेखत म्हणाला होतात, “ऐकू आलं आन् गप बसलास? त्यापरीस भैरा बरा.” जिन्यावरून परत फिरलो. मुलीला म्हटलं, नवा पंखा पुण्याहून येईपर्यंत अदलाबदल कर. पुडीच्या बश्या खाली, बिनपुडीच्या वर. पूड खरी असली तर खालीसुद्धा मारेल. ती वरच्या कप्प्यातल्या बश्या मोजत राहिली. मग म्हणाली, “काका, तीन वर्षं गेली हो माझी.” मी पाठ फिरवून पान्हे पिशवीत भरत बसलो. सर परगावी होते. तिनं अदलाबदल केली.

निकाल आज होता. सकाळपासून तिचा दोनदा फोन आला, मी उचललेला नाही. हे तुम्हाला पोचणार नाही म्हणूनच लिहितो, आबा. माझे कान चुकावेत असं आयुष्यात पहिल्यांदाच वाटतंय.