कडेची उपच्छाया

दि. ९, मंगळवार, दुपार

चि. ठमीस ताईचे आशीर्वाद.

तुझं पार्सल काल पोचलं. आत निघालं ते असं: लोकरीचा राखाडी स्वेटर एक, खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या दोन (एकीचं बूच सैल होतं, पण सांडलं थोडंच), मधाची बरणी एक, मऊ टॉवेल दोन. तिकिटं मोजली. नुसत्या टपालखर्चात आमचं आठवडाभराचं दूध झालं असतं. स्वेटरवरची किमतीची चिठ्ठी तू काढून टाकलीस, पण लोकर चिमटीत धरली की मला भाव कळतो. आई गेल्यापासून चार वर्षांत ना तुझं कार्ड ना माझं, आणि एकाएकी एवढं सगळं! पत्र मात्र नाही. स्वेटरच्या दोन्ही बाह्यांत हात घालून बघितला. नाही.

इकडे सगळं ठीक. नळाला पाणी बरं येतं. वरच्या मजल्यावरचे अजून खुर्च्या फरफटवतात. हे वेळेवर कामावर जातात, वेळेवर येतात. एक्स-रेची खोली तीच, स्टूलही तेच.

तू नर्स आहेस, तेव्हा तुला नियम ठाऊकच असेल. एक्स-रे काढणाऱ्याने फिल्मवर काय दिसलं ते पेशंटला सांगायचं नाही, डॉक्टर सांगतील. लोक ह्यांच्या खिडकीशी घुटमळतात. एक म्हातारा तर म्हणाला होता, "साहेब, बोलू नका, नुसतं तोंडावरून तरी कळू द्या." हे म्हणाले, "आजोबा, तोंड माझं आहे, त्यात तुमचं काय दिसणार?" इतक्या वर्षांत ह्यांनी तो चेहरा घोटून घोटून पाटीसारखा केला आहे. पण संध्याकाळी घरी येताना तो चेहरा तिकडेच ठेवून यायचे. आता घरीही घेऊन येतात.

माझा खोकला पावणेदोन महिने चालला, तेव्हा ह्यांनीच मला तिकडे नेलं. फिल्म ह्यांनीच काढली. थंडगार प्लेटीला छाती टेकवली, तर मागून माझे खांदे धरून पुढे दाबले. "अजून चिकट. हनुवटी वर. श्वास घे. धर." मी मनात देवाचं नाव घेत धरला. हलले नाही गं.

संध्याकाळी मी विचारलं, "काय दिसलं?"

"काही नाही. प्लेटीला नीट चिकटून उभी राहिली नाहीस. उपच्छाया आली आहे कडेला."

"मग परत काढा."

"फिल्मा काय झाडाला लागतात?"

काटकसरीत मी ह्यांची गुरू, त्यामुळे पुढे बोलता येईना.

ठमे, तो शब्द मी किती वर्षांनी ऐकला! आठवतं, आमच्या वर्गात शास्त्राच्या मास्तरांनी टेबलावर कंदील ठेवला होता, मध्ये चेंडू टांगला होता, आणि एकेकीला चेंडूच्या सावलीत डोळा आणायला लावला होता? मधल्या गडद सावलीतून कंदील मुळीच दिसत नव्हता. मास्तर म्हणाले, ही प्रच्छाया. मग जरा कडेला सरकवलं, तर चेंडूच्या आडून अर्धा कंदील दिसला. ही उपच्छाया. तू माझ्या मागच्या वर्गात, पण शब्द घरी येऊन मी तुला दिले, आणि तू ते आईला लावलेस. दारातून डोकावून मला सांगायचीस, "आज उपच्छाया आहे, सहलीचं विचारून घे." आणि प्रच्छाया असली की आपण दोघी गुपचूप अभ्यासाला. शेवटपर्यंत आईला कळलं नाही आपण कशाला हसतो ते.

मी मॅट्रिकपर्यंतच शिकले, पण जे शिकले ते पक्कं. त्या रात्री देवापुढच्या दिव्यासमोर वाटी धरून बघितली. वाटी भिंतीला टेकवली की सावली रेघ मारल्यासारखी. भिंतीपासून लांब नेली की कड विरते. म्हणजे ह्यांचं शास्त्र बरोबर होतं. लांब उभं राहिलं तर उपच्छाया येते. पण मी लांब नव्हते, ठमे. माझे खांदे तर त्यांच्याच हातात होते.

वाया गेलेल्या फिल्मा भंगारात जातात. ही कपाटावर, बॅगेखाली सापडली. हे कामावर गेल्यावर खिडकीशी धरली. फासळ्या कंगव्याच्या दातांसारख्या स्वच्छ. मी लांब राहिले असते तर फासळ्याही विरल्या असत्या ना? उजवीकडे वर एकच ठिपका आहे, बोराएवढा, आणि त्याचीच तेवढी कड पुसट. फिल्म होती तशी ठेवली. बॅगेवरची धूळसुद्धा पुसली नाही.

आता तू म्हणशील, मग विचार ना सरळ. कसं विचारू? परवा हे स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले. लग्न झाल्यापासून ज्या माणसाने पाण्याचा पेला स्वतः भरून घेतला नाही, तो विचारतो, "भाताला पाणी किती घालतेस?"

मी म्हटलं, "का? दुसरीकडे नोकरी बघताय?"

"सहज विचारलं."

सहज विचारलं, आणि काल भात स्वतः लावला. खाली लागला. मी म्हटलं, अहो, वास आला की झाकण काढायचं असतं. हे झाकण हातात धरून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, बराच वेळ. मी पाठमोऱ्या माणसाला आच कमी कशी करायची ते सांगत राहिले. आज डाळ शिकवायची आहे. त्यांनी खोटं बोलून मला सांभाळायचं आणि मी त्यांना जेवण शिकवून सांभाळायचं, असं आमचं चाललं आहे. घरात दोघंच, आणि दोघांनाही अर्धा कंदील दिसतो.

देवापुढे बसते, पण माळ हातात नुसतीच राहते. बरं कर म्हणायला तोंड उघडत नाही. मागितलं आणि नाहीच मिळालं, तर उरलेले दिवस त्याच्यापुढे बसू कशी? म्हणून नुसता दिवा लावते, तेल बेताचं घालते आणि उठते. देवाला विचारलं तर तो उत्तर देत नाही. आणि ह्यांना विचारलं तर हे देतात.

आता बरं होणं नाही हे आईला तू तोंडावर सांगितलंस, आणि त्या दिवसापासून तिने भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. तेव्हा मी तुला जे बोलले ते आजही परत घेत नाही. आईला ते ऐकायचं नव्हतं, आणि तिने तुला विचारलंही नव्हतं.

मी विचारते आहे.

काल स्वेटर घालून बघितला. पुढून पूर्ण उघडा, बटणांच्या जागी नाड्या, पाठीत सैल. उभ्या माणसाचा नव्हे हा, झोपलेल्याला घालायचा आहे. तुझ्यासारख्या नर्सलाच सुचेल. तेव्हा ह्यांनी तुला कळवलं आहे, हे मला कळलं. मला वाटायचं, जगात एक तरी माणूस आहे जो माझ्याशी खरं बोलेल, भले मग मी चार वर्षं त्याचं तोंड बघितलं नसेल. तर तूही मधाची बरणी पाठवलीस!

ठमे, मला अंधाराची एवढी भीती नाही. पण हे कडेचं उभं राहणं मला झेपत नाही. रोज सकाळी उठून वाटतं, अर्धा दिसतोय म्हणजे असेलच पूर्ण. आणि संध्याकाळपर्यंत ती आशा मला पार दमवून टाकते.

पाकिटावर माझं नाव घाल. टपाल दुपारी येतं, तेव्हा हे घरी नसतात. त्यांना मी कळू देणार नाही. ते डाळ शिकतील, मी शिकवीन. लांबलचक लिहायला जमत नसेल तर लिहू नकोस. शाळेतले दोन शब्द तुलाही येतात. त्यांतला कुठला ते तेवढं उलट टपाली कळव.

वाट बघणारी,
तुझी ताई