यादीत न दिलेलं नाव

भटवाडी, घाटकोपर
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय नलिनीताई,

सुंदराचा प्रभूमध्ये सलाम. मी बरी आहे. तुमच्या पोटात मंगळवारी पुन्हा कळ आली होती असं माझी सपना म्हणाली. पित्ताशयाचं ऑपरेशन सत्तावीस तारखेला ठरलं, तेही तिच्याकडूनच कळलं. तेलकट खाऊ नका म्हणून सांगायला गेले तर तुम्ही मलाच चार सुनवाल, म्हणून सांगत नाही. चार दिवस मुलुंडला येऊन तुमच्याजवळ राहीन असं मनात होतं. पण हे पत्र वाचून झाल्यावर मी तिथे हवी की नको ते तुम्ही ठरवा.

इकडची खबर म्हणजे आमची लिफ्ट परत बंद आहे. सपनाच्या धाकट्याला खालचे दोन दात आले. आणि आपले भीमराज पाळकसाहेब निवृत्त होताहेत. तेवीस तारखेला त्यांची शेवटची उपासना, मग ते नगरला गावी जाणार. हे तुम्हालाही कळवलं होतं म्हणे, आणि तुम्ही म्हणालात, "जाऊ दे, देऊळ मोकळं होईल."

मी तुम्हाला या आठवड्यात तीनदा फोन केला. तुम्ही "बोल गं" म्हणालात की माझ्या तोंडून बोंबलाचा भाव निघायचा. म्हणून लिहायला बसले. मला लिहायला वेळ लागतो हे तुम्हाला ठाऊक आहे. तिसरीतून शाळा सुटलेली, वाचायला शिकले ती लग्नानंतर, देवळात गीतांच्या पुस्तकावर तुमच्या भावाच्या बोटामागे बोट फिरवत. पुढे हाताला लागेल ते वाचत गेले, पण लिहिणं तसं राहूनच गेलं. तेव्हा वाक्यं वेडीवाकडी असली तर सांभाळून घ्या. म्हणजे वाक्यं तेवढी. बाकीचं सांभाळून घ्या असं मी म्हणणार नाही.

सपना आणखी एक गोष्ट बोलली. ऑपरेशनसाठी रविवारी देवळात प्रार्थनेच्या यादीत तुमचं नाव द्यायचं का असं तिने विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "माझं नाव कुठे द्यायचं नाही. माझ्या भावाचं वाचलं नाही, माझं कशाला वाचतात?" ते ऐकल्यापासून मला अन्न गोड लागत नाही. एकाहत्तराव्या वर्षी तुम्ही टेबलावर जाणार, आणि कुणी आपल्यासाठी प्रार्थना करू नये म्हणून सांगून जाणार. आणि ते माझ्यामुळे.

आता सांगते.

यादीचं काम तुमच्या भावाचं, अंबादासांचं होतं हे तुम्हाला माहीतच आहे. डेपोतून रिटायर झाल्यावर तर त्यांना तेवढंच काम होतं. रविवारी घंटेच्या आधी अर्धा तास पायऱ्यांवर उभे राहायचे, कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर आजाऱ्यांची नावं लिहून घ्यायचे. कुणी नुसतं "आमची आई" म्हणालं की म्हणायचे, "देवाला कळेल हो, मागच्या बाकावरच्यांना कशी कळणार?" मग तो कागद पाळकसाहेबांच्या हातात. नावं वाचली जायची ती आपल्या शंभर-सव्वाशे माणसांत, आणि चार भिंतींतच राहायची.

मग लॉकडाऊन लागला आणि उपासना फोनवर आली. यादीही फोनवर आली. आपल्या तरुण मुलांनी हौसेने नावं पिवळ्या अक्षरांत पडद्यावर दाखवायला घेतली, आणि प्रत्येक नावापुढे राहण्याचं ठिकाण. अंबादास खूश होते. म्हणाले, आता मागच्या बाकाचा प्रश्नच मिटला. पण तेच जूनमध्ये विक्रोळीच्या कुंदाबाईंच्या अंगावर आलं. त्यांना साधा टायफॉईड होता. कुणीतरी त्या उपासनेची लिंक त्यांच्या चाळीच्या ग्रुपवर टाकली आणि संध्याकाळपर्यंत चाळवाल्यांनी त्यांच्या दारासमोर दोरी बांधली. दूधवाला दोरीपलीकडे पिशवी ठेवून पळायचा. हे मला त्यांनीच रडत रडत सांगितलं होतं.

पंचवीस जूनला, गुरुवारी, अंबादासांना ताप भरला. आतल्या खोलीत त्यांचं अंथरूण केलं, मी स्वयंपाकघरात झोपू लागले. त्यांनी पहिलं काय सांगितलं असेल तर, पाळकांना माझं नाव कळव. औषधाचं नंतर. मी हो म्हटलं.

शनिवारी पाळकसाहेबांचाच फोन आला. दोन दिवस अंबादास ग्रुपवर दिसले नाहीत, बरे आहेत ना, म्हणून. मी त्यांना खरं सांगितलं. आणि सांगितलं की नाव वाचू नका. ते म्हणाले, नाव न घेता घाटकोपरचे एक बंधू एवढंच म्हणू का? मी म्हटलं, घाटकोपरही म्हणू नका. ते म्हणाले, "बरं बाई. मी घरी करतो प्रार्थना. पण तुम्ही डॉक्टरला दाखवा. मी गाडी पाठवतो." मी म्हटलं, उद्या बघते. ताई, ते रोज फोन करत होते आणि मी रोज उद्या म्हणत होते.

मला कशाची भीती होती, ते तुम्ही विचाराल. सोसायटीचे सेक्रेटरी विपुलभाई रोज खाली उभे राहून मोठ्याने विचारायचे, कुणाच्या घरी खोकला आहे का? समोरच्या विंगमधल्या एका माणसाला नेलं होतं, ते परत आलेच नाहीत. दोरीची भीती होती, लोकांची होती. पण खरं म्हणजे मला ते घरात हवे होते. नेलं की मला दिसणार नाहीत, एवढंच माझ्या डोक्यात. शहाणपण म्हणून मी हे केलं असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. ते शहाणपण नव्हतं.

रविवारी मी स्वयंपाकघरात इअरफोन लावून उपासना ऐकली. आमेन झाल्यावर तोंडाला ओढणी बांधून त्यांच्या दारात उभी राहिले. ते उशीवर कोपर टेकून बसले होते, वाटच बघत होते.

"वाचलं?"

"वाचलं."

"कुणाच्या नंतर?"

"कुंदाबाईंच्या."

मग ते आडवे झाले. चेहरा असा झाला की जणू त्यांच्या अंगावर कुणी पांघरूण घातलं. त्या दिवशी त्यांनी अर्धी वाटी पेज खाल्ली. मला वाटलं, बघ, खोटं बोलून का होईना, पेज तर पोटात गेली.

पुढच्या रविवारी, पाच जुलैला, त्यांना वाक्य पुरं करता येत नव्हतं. तरी सकाळीच फोन मागितला, मी स्वतः ऐकतो म्हणाले. घरात स्मार्टफोन एकच. मी सांगितलं, आज आतल्या खोलीत नेट येत नाही. येत होतं. मी फोन घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि दार ओढून घेतलं. त्या दिवशी यादीत सोळा नावं होती. एकेक नाव येत होतं आणि मी फोनकडे न बघता मोरीकडे बघत होते. मधे एकदा नजर गेली तर खाली तुमचं नाव दिसलं. तुम्ही हात जोडलेलं चित्र पाठवलं होतं. पडद्यावर तेव्हा दुसऱ्याच कुणाचं नाव होतं.

उपासना संपल्या संपल्या तुमचा फोन आला. "अंबादास कुठाय? दोन रविवार झाले, त्याचा एक मेसेज नाही. दे त्याला." मी म्हटलं, झोपलेत, रात्री गरमीने डोळा लागला नव्हता. तुम्ही म्हणालात, यादीत नाव नाही म्हणजे बराच असणार, उठला की कर म्हणावं फोन. तुम्हाला आठवत असेल. ते झोपले नव्हते. भिंतीपलीकडे जागे होते, आणि फोन तुमचाच हेही त्यांनी ओळखलं होतं.

सोमवारी पहाटे ओठ काळे पडलेले दिसले तेव्हा मी पाळकसाहेबांना फोन केला. त्यांनी कुठून कुठून खटपट करून गाडी मिळवली. अंबादासांना खाली नेलं तेव्हा विपुलभाई जिन्यात उभे होते. त्यांनी लिफ्ट धरून ठेवली आणि नंतर पंधरा दिवस माझ्या दाराबाहेर भाजी ठेवत राहिले. ज्या माणसाला मी घाबरले तो असा निघाला. बुधवारी अंबादास गेले. मातीला चारच माणसं, त्यातही मी नाही. तुम्हीही नाही.

त्या रात्री तुम्ही फोनवर विचारलंत, "मला का नाही सांगितलंस गं?" मी म्हटलं, "पाळकसाहेबांना सांगितलं होतं."

ताई, ते वाक्य खरं होतं. खोटं असतं तर कधीतरी उघडं पडलं असतं. तुम्ही त्याचा जो अर्थ घेतलात तो मी घेऊ दिला. पाळक विसरले, पाळकांनी हयगय केली, मोठ्यांची नावं वाचली आणि डेपोतल्या माणसाचं गाळलं. तुम्ही असं बोलत गेलात आणि मी हुं हुं करत गेले.

डिसेंबरात देवळं उघडल्यावर आपण त्यांच्या स्मरणार्थ उपासना ठेवली. तुम्ही मधेच उभ्या राहिलात. "कुणाचा गुडघा दुखला तरी नाव वाचता, पाळकसाहेब. माझ्या भावाच्या वेळी जीभ जड झाली होती?" मास्क लावलेली सगळी डोकी त्यांच्याकडे वळली. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. एकदाही नाही. म्हणाले, "माझ्याकडून राहिलं, ताई. मला क्षमा करा." तुम्ही पर्स उचलून बाहेर पडलात, त्या आजपर्यंत परत आला नाहीत. मी पहिल्या बाकावर बसले होते. उठून दोन शब्द बोलायचे होते. मी चपलेचा बंद नीट करत बसले.

त्यानंतर तुम्ही मला जास्तच जपलंत. दर ख्रिसमसला साडी, आजारपणात डबा. "बिचारी एकटी झटली" असं चारचौघांत म्हणता. तुम्ही असं म्हणालात की मला तिथून उठून जावंसं वाटतं.

गेल्या सोमवारी पाळकसाहेब निरोप घ्यायला घरी आले होते. केस पार पांढरे झालेत. चहा पिऊन होईपर्यंत मी धीर धरला, मग म्हटलं, मी नलिनीताईंना सगळं सांगणार आहे. ते म्हणाले, "माझ्यासाठी सांगू नका. मी आता चाललो. तुम्हाला मोकळं व्हायचंय म्हणूनही सांगू नका, कारण तुमचं ओझं उतरेल आणि ते त्यांच्या अंगावर जाईल. त्यांना याचा उपयोग आहे का, तेवढं बघा." तीन दिवस तेवढंच बघत होते. मग सपनाचा फोन आला, तुमच्या ऑपरेशनचा आणि तुम्ही काय बोललात त्याचा.

म्हणून सांगितलं. देवळाने तुमच्या भावाला टाकलं नव्हतं. पाळकसाहेब दोन्ही रविवारी आपल्या घरात गुडघे टेकून त्यांचं नाव घेत होते. टाकलं असेल तर मी. आणि तुम्हालाही भावापासून मीच दूर ठेवलं. मला क्षमा करायची की नाही, याची घाई नाही. पण तेवीस तारखेला देवळात या. मी त्या दिवशी सगळ्यांसमोर उभी राहून हे बोलणार आहे, पाळकसाहेब नको म्हणाले तरी. तुम्ही आलात नाहीत तरी बोलणार आहे. तुमचं नाव मी यादीत देणार नाही. तुम्ही द्या म्हणालात तरच देईन. एकदा दुसऱ्याच्या नावाचा निर्णय मी केला, तेवढा पुरे.

आणखी एक राहिलं. ते सांगितलं असतं तर माझं खोटं उघडं पडलं असतं, म्हणून आजवर कुणाला सांगितलं नाही.

पाच तारखेला, तुमचा फोन ठेवून मी त्यांच्या दारात गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "ताई होती का ऐकायला?" मी म्हटलं, "होत्या. तुमचं नाव आलं तसे त्यांनी हात जोडले." अंबादासांनी डोळे मिटले. बऱ्याच वेळाने, एकेक शब्द तोडत बोलले, "ताईला सांग. पोचलं म्हणावं."

त्यानंतर ते माझ्याशी पाण्यापुरतंच बोलले. शेवटचं धड बोलणं ते हेच, आणि ते तुमच्यासाठी होतं.

तुम्ही ते हात त्यांच्यासाठी जोडले नव्हते, हे मला माहीत आहे. त्यांना माहीत नव्हतं. तुमचा निरोप साडेचार वर्षं माझ्याकडे राहिला. आज देते आहे.

तुमची भावजय, अजून तसं म्हणवत असेल तर,
सुंदरा