तीन शब्दांचा क्लास

३ जून
संकल्प. पर्ल या संगणकाच्या भाषेत क्लास, म्हणजे माहितीचा साचा, लिहायची सोपी पद्धत मी तयार करणार. आत्ताची म्हणजे छळ. साधा ‘ग्राहक’ बनवायचा तर माहितीची पोतडी स्वतः भरा, मग तिला ‘ब्लेस’ करा, तेव्हा कुठे पोतडीला कळतं की आपण ग्राहक आहोत. माझ्या पद्धतीत तीनच शब्द : क्लास, फील्ड, मेथड. बस्स.
शिवाय उद्यापासून पहाटे फिरायला जाणार.

४ जून
गेलो नाही. डोक्यात विचार असले की पाय मध्ये येतात.

११ जून
ऑफिसात कुजबुज : आमच्या खोलीतून एकजण कमी होणार. म्हणजे मी किंवा शेजारच्या टेबलावरचा चष्मेवाला. माझी काळजी नाही. बिलिंगचा सगळा कोड माझा, आणि तो माझ्याशिवाय कुणाला वाचता येत नाही. चष्मेवाल्याने एकदा प्रयत्न केला होता, दुसऱ्या दिवशी रजा टाकली.
बायको म्हणाली, अहो, मग ते सोपं कशाला करताय? राहू द्या ना आहे तसं अगम्य, त्यावरच तर आपलं घर चाललंय. तिला डिझाइनमधलं काय कळतं! शाळेत गणित शिकवते.

१२ जून
साहेबांनी केबिनमध्ये बोलावून चष्मेवाल्याबद्दल विचारलं. म्हणालो, माणूस चांगला आहे. साहेबांनी लिहून घ्यायला पेन उघडलं. मग म्हणालो, पण हळू आहे. कुणाच्या पोटावर पाय देणं माझ्या स्वभावात नाही. विचारलं तेवढंच सांगितलं. त्याच्या बायकोला सातवा महिना लागलाय, हे त्यांनी विचारलं नव्हतं.

२० जून
पर्लवाल्यांच्या ईमेल ग्रुपवर प्रस्ताव पाठवला. एकच उत्तर आलं : माझं नाव ग्रुपमधून काढा. मोठ्या कल्पनांचं आधी असंच होतं.

२ जुलै
तीन शब्दांचं मॉड्यूल तयार. सगळं बिलिंग नव्या पद्धतीने लिहून काढलं. बायको कप उचलायला आली, स्क्रीनकडे बघून म्हणाली, अगंबाई, हे तर मलाही कळतंय! एवढंच करता तुम्ही दिवसभर?
पहिलं वाक्य साहेबांना सांगायला हवं.

९ जुलै
डेमो. अपूर्व यश! अकाउंट्सच्या बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा कोड वाचला आणि म्हणाल्या, इथे टॅक्स दोनदा लागतोय का हो? किती वर्षं लागतोय? मी म्हणालो, बघा, किती स्वच्छ दिसतंय. चष्मेवाल्याने माझ्याच कीबोर्डवर ते तिथल्या तिथे दुरुस्त केलं. टाळ्या झाल्या. पद्धतीला.
साहेब उद्या सकाळी भेटा म्हणाले. बढतीचं असणार. बायकोला सांगून टाकलं. तिने तपासायच्या वह्यांचा गठ्ठा पुढे ओढला.

१० जुलै
साहेब अगदी मनापासून म्हणाले, कमाल केलीत तुम्ही. आम्हाला वाटायचं, तुमच्यावाचून बिलिंग बंद पडेल. आता कुणीही सांभाळेल.
कुणीही म्हणजे चष्मेवाला.
त्यानेच माझं सामान भरलेला खोका लिफ्टपर्यंत आणला. म्हणाला, सर, तुमच्यामुळे वाचलो, साहेबांकडे माझ्याबद्दल चांगलं बोललात म्हणे. एक विचारू? काही अडलं तर फोन करू ना? मग स्वतःच म्हणाला, पण अडेल असं वाटत नाही, इतकं सोपं केलंयत.
बायकोने दार उघडलं, खोक्याकडे पाहिलं, आणि तो ठेवायला टेबलावरचे वह्यांचे गठ्ठे बाजूला सरकवले.
संकल्प. उद्या पहाटे फिरायला जाणार. दहाला गेलो तरी चालेल.