दावं शेठकडेच राहिलं

बाबा,

घोडी आपली झाली. तुम्ही असता तर आळीत पेढे वाटले असते. मला मात्र परवापासून घास गिळवत नाही. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, अशी गत आहे. मी तिला परत द्यायला गेले होते आणि तिची मालकीण होऊन घरी आले.

मी लेकीला कडेवर घेऊन सासर सोडून आले, त्याच वर्षी उल्हासनगरच्या कॅम्प एकमधल्या बँडवाल्या शेठने ते मळकट शिंगरू आपल्या दारात आणून बांधलं. पुढे ते पांढरंशुभ्र होत गेलं. जनावर शेठचं, चारापाणी आपलं, आणि वरातीचं येईल ते निम्मं निम्मं. "साईं, अपना ही समझो," शेठ तुम्हाला म्हणाला होता; तो तुम्हाला साईंच म्हणायचा. तुम्ही हसलात, पण तिला कधी आपलं मानलं नाहीत. मला आठवतं, मागच्या पडवीत मी तिच्या आयाळीची वेणी घालतेय आणि कसलंसं लाडाचं नाव घेऊन तिला चुचकारतेय. तुम्ही गवत टाकता टाकता थांबता. "बाय, दुसऱ्याचा जनावर हाय. नाव दिलास का गुतलीस." आपल्या घरात मला 'बाय' म्हणणारे तुम्ही एकटेच. आई नावानेच हाक मारायची, तीही भांडल्यासारखी. मी वेणी सोडली. तेव्हापासून ती नुसती 'घोडी'.

तेव्हा तुमचा राग आला होता. उसन्या जनावराचं सुख काय असतं ते पुढे कळलं. मांजर्लीत आपल्या घराच्या भिंतीला लागून इमारत उभी राहिली, वरचे लोक वास येतो म्हणून भांडायला आले, तेव्हा मी हात वर केले. "जनावर शेठचं हाय, त्याला जाऊन सांगा." नदी पडवीत शिरली तेव्हा तुम्ही आधी घोडीला सोडून रस्त्यावर नेलंत आणि मग आम्हाला उठवलंत. दुसऱ्याची ठेव म्हणे! त्यावरून मी तुम्हाला कितीतरी वर्षं टोचत होते. पण सगळ्यात मोठं सुख म्हणजे ती कधीही नेऊन देता येणार होती. तुम्ही गेल्यावर मी त्याच आशेवर दिवस काढले. पुढे लोक बेभान नाचतायत, मी लगाम धरून उभी आहे, नवरदेवाच्या मोजडीचं टोक कानाला लागतंय, आणि मी मनात म्हणतेय, हा सीझन झाला की देऊन टाकू. लेक नाशिकला नांदायला गेली. तिच्या बाळाच्या बारशाला मी सकाळी गेले आणि पाळण्याची दोरी सोडून संध्याकाळच्या गाडीला लागले, कारण घोडीला पाणी कोण दाखवणार? लेकीच्या घरी मी अजून एकदाही रात्रीची राहिलेली नाही.

आता नवरदेव उघड्या गाडीतून येतात. घोडीच्या एका डोळ्यात सारा आलाय, त्या डोळ्याने तिला दिसत नाही, बँडच्या आवाजाने ती बिचकते, त्यामुळे तिला कुणी बोलावत नाही. लेकीने माझ्यासाठी खोली रिकामी केली, खाट घेतली, खिडकीला पडदेसुद्धा लावले. "आई, आता तरी ये," म्हणाली. मी हो म्हटलं. खूप वर्षांनी छाती भरून श्वास घेतला, बाबा.

घेतलेली वस्तू घासूनपुसून परत करावी आणि भांडं कधी रिकामं पाठवू नये, ही तुमचीच शिकवण. म्हणून मी घोडीला न्हाऊ घातलं, कपाळाला हळदकुंकू लावलं, पिशवीत नारळ आणि गुळाचा खडा घेतला आणि पहाटेच अंबरनाथमार्गे चालत उल्हासनगरला शेठच्या दुकानी निघाले. शेठ आता नाही. मुलगा दुकानात बसतो, बँड मोडून त्याने लाइटिंगचं काम धरलंय. मी नारळ पुढे केला तसा तो ताडकन उठला. "दीदी, आखिर आ गए आप लोग! पापा बोलके गए थे, साईं के घर से जिस दिन कोई नारियल लेके आए, समझना घोड़ी मांगने आए हैं. ना मत बोलना."

मी तोंड उघडेपर्यंत त्याने पायरीवर नारळ फोडलासुद्धा, आणि खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. म्हणजे तुमचं आणि शेठचं हे ठरलेलं होतं तर. मग तुम्ही तो नारळ कधी नेला का नाहीत? मला विचाराल तर तुम्ही दरवर्षी न्यायचं ठरवत होतात आणि दरवर्षी घाबरत होतात. स्वतः सुटलात आणि मला अडकवून गेलात.

मी म्हटलं, "अरे भाऊ, मी परत द्यायला आणलीय." त्याने घोडीच्या डोळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मेरे पास छोड़ोगे तो दो दिन में किसी को दे दूंगा, दीदी. कौन रखता है अब?" तो वाईट माणूस नाही. खरं तेच बोलला. म्हाताऱ्या जनावराला नेणारा 'कुणीतरी' कोण असतो, ते त्यालाही ठाऊक आणि मलाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी गप्प राहिले, आणि त्याने त्याचा होकार धरला.

मग त्याने तिच्या तोंडावरची म्होरकी आणि दोर काढून घेतला. "रस्सी हमारी रहती है. आपके बाबा ने ही सिखाया था पापा को." जनावर द्यावं, दावं देऊ नये, घेणाऱ्याने आपलं आणावं. तुमची रीत फिरून माझ्याच गळ्यात आली. मी कुठून आणणार दावं? मी तर द्यायला गेले होते. भर रस्त्यात घोडी उघड्या तोंडाने, मोकळी उभी.

लेकीचा फोन आला तेव्हा मी तिला सांगितलं, "मी काय करू, मी निघाले तर ती आपली आपण मागे आली." लेक म्हणाली, "खाट राहू दे तशीच." शेजारणीलाही मी हेच सांगितलं. मुकं जनावर मागे लागलं, त्याला कोण काय करणार! सगळ्यांना पटलं.

हे पत्र कुठे जायचं नाही, तेव्हा तुम्हाला खरं सांगायला हरकत नाही. ती मागे आली नव्हती. मी तिला तिथेच सोडून चालू लागले होते. कोपऱ्यावर पोचले, स्टेशनची रिक्षा समोर उभी होती, एक पाय मी आत ठेवलासुद्धा. मागे हॉर्न वाजत होते. वळून बघितलं तर ती होती तिथेच, चांगला डोळा माझ्याकडे करून उभी. कुणी तिला बांधलं नव्हतं. मलाही नव्हतं.

मी हाक मारली, बाबा. 'घोडी' म्हणून नाही. "बाय" म्हटलं, आणि ती रिक्षांमधून वाट काढत आली.