मातीचा घास

१६ डिसेंबर, मंद्रूप
आलो एकदाचा! गावाबाहेर, जुन्या दगडखाणीच्या काठावर गुरुशांतअण्णांनी खोली दिली आहे. कडक भाकरी, शेंगाचटणी, वर घट्ट दही. अशी बडदास्त मंत्र्यांनाही मिळत नसेल. अण्णा जुन्या बॅटऱ्या वितळवतात आणि उरलेली राख खाणीत ओततात. आसपासच्या मातीत शिसं किती, ते मी सरकारतर्फे मोजायचं. अण्णांचं म्हणणं, मोजा सावकाश, आधी 'नाही' एवढं लिहून टाका. माणूस विनोदी आहे.

१९ डिसेंबर
आज वेळ अमावास्या. इकडे या दिवशी माती गरोदर मानतात आणि रानभर अंबील शिंपडून तिला जेवू घालतात. खाणीला लागून नागव्वाचं रान. तिची लेक सिद्धेश्वरी विड्या वळायची. गेल्या साली मनगटं लुळी पडली, मग तीही गेली. नागव्वानं अंबिलीचा द्रोण माझ्या हातात दिला. म्हणाली, "सायेब, आदी मातीला घास द्या, मग उचला की. आन् निगंल तेच लिवा."
अंबील मीच पिऊन टाकली. ताक झकास आंबलं होतं. द्रोण खाणीत भिरकावला आणि माती उपसली.

२० डिसेंबर
आमची पद्धत सोपी. माती मिसळून ढीग करायचा, त्याचे चार वाटे, समोरासमोरचे दोन फेकायचे. मूठभर उरेपर्यंत हेच. ती मूठ प्रयोगशाळेत. हातातल्या यंत्रानं आकडा दाखवला. यंत्रालाच घाम फुटला असेल. मग पिशवीत भीमाकाठची स्वच्छ माती भरली, वर चिठ्ठी खाणीची. खरी माती खिडकीबाहेर. शास्त्र आणि स्नेह, दोन्ही राखले.

२१ डिसेंबर
सकाळी खोलीच्या मधोमध ढीग. चार वाटे केलेला. दोन फेकून आलो, तर पुन्हा चार. अंबिलीचा आंबट वास. अण्णांना सांगितलं. ते हसले, आणि हसता हसता कप हातून सुटला. उचलायला वाकले, पण बोटंच उठेनात.

२३ डिसेंबर
उठलो तेव्हा दातांत माती. थुंकली, धुतली — पुन्हा माती. हिरड्यांच्या कडेनं निळीकाळी रेघ. वर्षानुवर्षं शिसं पोटात गेलेल्यांना येते ती. मला येऊन आठवडा झालाय फक्त —

२४ डिसेंबर
उजवा हात लोंबतोय. डाव्यानं लिहितोय. नागव्वा दारात आली. पाय धरले, खरं लिहितो म्हणालो. तिनं ढिगाकडं बोट केलं. "मला काय सांगताय? तिचा घास तुमी खाल्ला न्हवं? आता ती तुमाला भरवतीया. जेवा की पोटभर."

२५ डिसेंबर
ढीग दाराला टेकलाय. दार हलत नाही. तोंड भरलंय — खरा आकडा लिहून ठेवतो, कुणी वाचेल — खाणीकाठची माती. शिसं, दर किलोला — मनगट — नको, हे तरी — दर किलोला —